नळीतली रेघ

मी श्रीमंतांच्या पायदळ पलटणीत चौदा वर्षं चाकरी केली. शेवटची तीन वर्षं नाईक होतो. हाताखाली अकरा शिपाई आणि अकरा बंदुका. आमचा तळ मुठेच्या पलीकडे भांबुर्ड्याच्या माळावर होता आणि माझं घर शुक्रवार पेठेत. पहाटे शिंग वाजायचं. सूर्य उगवायच्या आत कवाईत सुरू व्हायची. चार घटका दिवस वर आला की बंदुका पुसायच्या, मग भाकरी. चौदा वर्षांत यात फार फरक पडला नाही.

आता राज्य गेलं, पलटण मोडली. संध्याकाळी हौदापाशी बसलो की पेठेतली कारकून मंडळी शेजारी येऊन टेकतात आणि लढाईच्या गोष्टी विचारतात. परवा त्यांतले एक गृहस्थ म्हणाले, "बंदुकीला काय लागतं हो नाईक? डोळा लावला, चाप ओढला की झालं." या गृहस्थांनी जन्मात बोरूपेक्षा जड काही उचललेलं नाही. मी म्हणालो, "आपण म्हणता म्हणजे तसंच असणार." ते खूश होऊन घरी गेले. मला मात्र ते बोलणं लागलं. माझ्या एका माणसाची सगळी अब्रू एका बंदुकीच्या नळीवर येऊन अडकली होती, आणि ती नळी माझ्यामुळे वाकडी झाली होती. ते बायकोखेरीज कधी कुणाला सांगितलं नाही. आता सांगतो.

तो माणूस सखाराम. माझ्या बायकोचा पाठचा भाऊ, वाघोलीचा. वय पंचविशीचं, लग्न व्हायचं होतं. अंगाने किरकोळ, पण मनगटं लोखंडी. माझ्याच तुकडीत शिपाई होता. कवाईतीवर मला नाईक म्हणायचा, एरवी दाजी, आणि या दोन्हींत त्याने कधी गल्लत केली नाही. बोलायचा कमी. नेमबाजीच्या दिवशी साठ पावलांवर पुरुषभर उंचीची फळी उभी करत, तिच्यावर मधोमध चुन्याचा पट्टा. आमच्या चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुकांनी ज्याच्या दहात चार गोळ्या फळीला लागल्या तो दिवसभर मिशा पिळत हिंडे. सखारामच्या आठ लागायच्या. मिशा पिळायचं त्याच्या लक्षातही येत नसे.

नवरात्रात आमच्या तुकडीचा एक रिवाज होता. पंचमीला चतुःशृंगीच्या देवीला तुकडीतर्फे खिरीचा नैवेद्य जायचा. खीर तळावर शिजवायची, मोठ्या पितळी हंड्यात भरायची, हंडा बांबूला टांगून दोघांनी खांद्यावर घ्यायचा आणि डोंगर चढायचा. नैवेद्य दुपारच्या आरतीच्या आत पोचला पाहिजे. त्या वर्षी आम्ही डोंगराच्या पायथ्याशी आलो आणि बांबू मधोमध चिरला. आजूबाजूला दुसरा बांबू नाही. सूर्य डोक्यावर यायला तीन-चार घटका उरलेल्या. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "बंदूक घाला."

सरकारी हत्यार काठीसारखं वापरायला सक्त मनाई होती. शिपायाला त्याची सजा वेगळी आणि हुकूम देणाऱ्या नाइकाची वेगळी. नाइकाची नाइकी जायची. हे मला पाठ होतं, कारण नव्या शिपायांना ते मीच शिकवायचो. पण त्या वेळी कुणाच्या मनात मनाई आली नाही. उलट झुंबड उडाली. देवीचा भार आपल्या हत्याराने वाहायचा म्हणजे केवढं भाग्य. प्रत्येक जण आपली बंदूक पुढे करायला लागला. सखाराम म्हणाला, "माझी घ्या. लाकूड नवं हाय." ते खरं होतं. मी त्याची घेतली.

पुढे शिपाई भिकू, मागे सखाराम, मध्ये हंडा. नळीचं तोंड भिकूच्या खांद्यावरून पुढे आलेलं. अर्ध्या चढावर भिकूचा पाय मुरमावरून सरकला, तो गुडघ्यावर आला आणि नळीचं तोंड सगळ्या भारासकट खडकावर आपटलं. सखारामने मागचं टोक सोडलं नाही. खीर थेंबभरही सांडली नाही. देवीनेच सांभाळलं म्हणून आम्ही जयजयकार केला आणि वर गेलो. आरती मिळाली. हंडा उतरवल्यावर सखारामने बंदूक पुसली आणि बराच वेळ हातात धरून बसला. मला वाटलं, नमस्कार करतोय.

षष्ठीला नेमबाजी होती. सखारामचा पहिला बार फळीच्या डावीकडून गेला. दुसराही डावीकडून. दहातला एक लागला, तोही फळीच्या काठाला. सप्तमीला एकही नाही. शिपाई हसले नाहीत, त्यांना हसायची हिंमत झाली नाही. डोंगरावर ती नळी आपटली त्याचा आवाज माझ्या कानात होता.

अष्टमीला सकाळी कप्तान आला. आमचा कप्तान फिरंगी होता. मराठी शिकला होता, पण शिव्या आधी शिकला होता. त्याने सखारामला पाच बार काढायला लावले आणि स्वतः शेजारी उभा राहिला. पाचही वाया गेले. मग त्याने बंदूक घेतली. चकमक पाहिली, चापाची कमान पाहिली, नळीवर बाहेरून डोळा लावून पाहिलं. बाहेरून त्या नळीत काही दिसत नव्हतं. मीही आदल्या दिवशी तसंच पाहिलं होतं.

"बंदूक ठीक," कप्तान म्हणाला. "माणूस ठीक नाही. हा डोळे मिटतो."

चकमकीच्या बंदुकीत चाप ओढला की तोंडासमोर दारूचा भडका होतो. नवा शिपाई त्या भडक्याला भिऊन डोळे मिटतो आणि गोळी भलतीकडे जाते. नव्या माणसाला ते माफ असतं. चार वर्षं चाकरी झालेल्या माणसाला डोळे मिटणारा म्हणणं म्हणजे भित्रा म्हणणं.

कप्तान म्हणाला, "दसऱ्याला. पहिला प्रहर संपताना. सगळ्या तुकडीसमोर तीन बार. दोन लागले पाहिजेत. नाही लागले, बंदूक जमा, नाव कमी." मग सखारामला विचारलं, "बंदुकीला काही झालं होतं?"

"नाय साहेब. बंदूक चांगली हाय."

"नाईक, तुला काही सांगायचं आहे?"

"नाही साहेब."

एवढंच माझं बोलणं. ही बंदूक दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन बघा, इतकं म्हणालो असतो तरी पुरे होतं. पण दुसऱ्याचाही बार डावीकडे गेला असता, मग नळी कशाने वाकली हे निघालं असतं, आणि हंड्यापर्यंत यायला कप्तानाला दोन घटकासुद्धा लागल्या नसत्या. मला नाइकी होती, घरात तीन मुलं होती. मी गप्प बसलो. दसऱ्याच्या दिवशी घराघरांतून हत्यारं बाहेर निघतात. त्याच दिवशी ज्याच्या हातातून हत्यार काढून घेतलं, त्याला वाघोलीत तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती, हे मला कळत होतं. तरी गप्प बसलो.

कप्तान गेल्यावर मी सखारामला बाजूला घेतलं. म्हणालो, "अरे, त्या हंड्यानं तर नाही ना..."

तो म्हणाला, "दाजी, देवीच्या हंड्यानं नळी वाकत नसती. असं बोलू बी नये."

त्याचं तोंड इतकं सरळ होतं की मला बरं वाटलं. भोळा आहे, मी मनात म्हणालो. त्याच्या भोळेपणावर माझं निभावतंय असं मला वाटलं, आणि लाज वाटण्याऐवजी हायसं वाटलं. हेही सांगूनच टाकतो.

नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, सकाळी शस्त्रपूजा झाली. सगळ्या बंदुका शिलेखान्यात, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, ओळीने मांडल्या. झेंडूच्या माळा, हळदकुंकू. पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी उजाडताच आरती करून उचलायचं. मी दुपारी जेवायला घरी गेलो. बायको वाढत होती. तिने सगळं वाढलं आणि समोर बसली.

"पेठेत सगळे म्हणतात, नाइकाचा मेहुणा बार काढताना डोळे मिटतो," ती म्हणाली. "तुम्ही काय म्हणता?"

"मिटत नाही."

"मग जेवून उठा आणि काहीतरी करा."

माझी भाकरी अर्धी राहिली. तसाच उठलो, पूल ओलांडला आणि तळावर येऊन थेट उस्तादाकडे गेलो.

उस्ताद म्हणजे आमच्या पलटणीचा शिकलगार. हत्यारांची घासपूस, डागडुजी सगळी त्याच्याकडे. साठीच्या पुढचा, गुडघ्यांनी गेलेला. जन्मभर नळ्यांतून बघून बघून त्याचा डावा डोळा बारीक झाला होता. माणसाशी बोलतानाही तो एकाच डोळ्याने बघायचा. त्याला मी म्हणालो, सखारामची गोळी डावीकडे जाते, नळी बघायला हवी. हंड्याचं सांगितलं नाही.

"बंदूक उद्या उजाडता उचलतील," उस्ताद म्हणाला. "घेऊन ये."

"आणि वाकलेली असली तर? सरळ होईल ना?"

त्याने मानेनेच आत दाखवलं. ऐरण, हातोड्या, कानशी, सांडस, सगळं एका फळीवर मांडलेलं, सगळ्याला कुंकू. "हे उद्या संध्याकाळी सोनं लुटून झाल्यावर उचलायचं. त्याआधी नाही."

"उस्ताद, त्याला पहिल्या प्रहरी बार काढायचेत."

"ऐकलंय."

हा माणूस पाच वेळा नमाज पढायचा. मला राहवलं नाही. म्हणालो, "तुम्हाला कसला हा नेम?"

"नमाज माझी. हा दिवस ऐरणीचा. माझ्या बापाने या दिवशी तिच्यावर घाव घातला नाही, मी घालणार नाही."

"मग नळी कशाने करणार?"

"माझ्या डोळ्यांना अजून कुणी कुंकू लावलेलं नाही," तो म्हणाला. "ते चालतील."

दसऱ्याला सूर्य वर येताच आरती झाली आणि बंदुका उचलल्या. मी आणि सखाराम त्याची बंदूक घेऊन मागे थांबलो. बंदुका साफ करायची किल्ली माझ्याकडे असे, तीही पूजेतून बंदुकांबरोबरच उचललेली. त्या किल्लीने खिळी काढून नळी लाकडातून सोडवली. बुडाचा पेच घट्ट होता. सखारामने नळी मांड्यांत धरली, मी किल्लीवर सगळा भार टाकला, तेव्हा सुटला. आता नळी दोन्ही तोंडांनी मोकळी झाली.

शिलेखान्याला दार एकच, पूर्वेला. आत अंधार, बाहेर लख्ख ऊन. उस्ताद मागच्या भिंतीला टेकून बसला. त्याने नळीचं एक तोंड डोळ्याला लावलं आणि दुसरं दाराच्या वरच्या चौकटीवर धरलं, जिथे काळं लाकूड संपतं आणि आभाळ सुरू होतं. मग नळी बोटांनी हळूहळू फिरवायला लागला. एक पूर्ण वळसा. मग अर्धा उलटा. बाहेर शिपाई बंदुकांच्या माळा काढत होते, त्यांचे आवाज येत होते.

"तोंडापासून दीड वीत," तो म्हणाला. "डावीकडे." मग आणखी थोडी फिरवली. "नुसती पडलेली नाही. मध्ये भार होता. तोंड दगडावर आपटलं, मागचं टोक कुणीतरी वर धरून ठेवलं होतं. पुढचा घसरला."

मी त्याला काही सांगितलं नव्हतं. सखाराम माझ्या शेजारी उभा होता, त्याने मान खाली घातली. तीन हात लांबीच्या लोखंडाच्या पोकळीत बसल्या जागी या म्हाताऱ्याने चतुःशृंगीचा चढ पाहिला, भिकूचा पाय पाहिला, सखारामचे हात पाहिले. चौदा वर्षं मी बंदूक वागवली आणि तिच्या आत कधी डोकावलो नव्हतो.

"काय टांगलं होतं?" उस्तादाने विचारलं.

"खीर," मी म्हणालो.

त्याने त्याच एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "गोड होती ना?"

"होती."

"ये. बघ."

मी बसलो, डोळा लावला. आधी काहीच नाही. नुसते उजेडाचे गोल, एकात एक, लांबपर्यंत. डोळ्यात पाणी आलं. उस्तादाने मागून माझं डोकं धरून बोटभर वर केलं, आणि ती दिसली. नळीच्या तळाशी चौकटीची सावली पडलेली, केसासारखी बारीक काळी रेघ, माझ्या डोळ्यापासून निघून थेट पलीकडच्या तोंडाकडे चाललेली. इतकी स्वच्छ रेघ मी कुठल्या दप्तरात पाहिली नाही. आणि टोकाच्या जरा अलीकडे ती मोडत होती. थोडीशीच. आखताना कुणाचा हात हलावा तेवढी. उस्तादाने नळी फिरवली तशी मोड हळूहळू नाहीशी झाली. आणखी फिरवली तशी पुन्हा आली, दुसऱ्या बाजूला.

"एवढ्याशा मोडीने?" मी विचारलं.

"इथे सावलीएवढी. साठ पावलांवर माणूस चुकतो."

देवळात गाभाऱ्याशी उभं राहिल्यावर जसं होतं तसं झालं मला. हे सगळं रोज माझ्या खांद्यावर होतं, आणि मला पत्ता नव्हता.

उस्तादाने तंबाखूच्या चंचीतून चुना काढून नळीवर बाहेरून दोन ठिपके दिले. एक मोडीच्या जागी, एक तिच्यासमोर. मग काठी टेकत कोठीच्या मागे गेला. तिथे जुनी चिंच होती. कमरेएवढ्या उंचीवर तिला दोन फांद्या फुटलेल्या, मध्ये बेचकं. उस्तादाने फडकं ओलं करून बेचक्यात घातलं, नळी त्यात चुन्याच्या खुणेपर्यंत सरकवली आणि सखारामला म्हणाला, "तू धर. लांब टोक. जोर लावायचा नाही. नुसतं अंग टेकवायचं. मी सांगेन तेव्हा थांब."

सखाराम टेकला.

"आणखी. आणखी. थांब. सोड."

पुन्हा आत, पुन्हा भिंतीला टेकून डोळा. "हललीच नाही. लोखंड परत येतं. हवं त्याच्या थोडं पुढे न्यायला लागेल." पुन्हा चिंचेकडे. त्याचे गुडघे करकरायचे, प्रत्येक खेपेला त्याला उठवायला मी हात द्यायचो. दुसऱ्या खेपेला मोड निम्मी झाली. तिसऱ्या खेपेला जास्त गेली, रेघ उजवीकडे मोडायला लागली. मी सूर्याकडे पाहिलं. प्रहर संपायला दोन घटका उरल्या होत्या. उस्तादाने सूर्याकडे पाहिलं नाही. नळी उलटी फिरवून बेचक्यात घातली आणि या वेळी सखारामला बाजूला करून स्वतःचा फक्त तळहात टेकवला. श्वास आत घेतला आणि सोडला, इतकाच वेळ.

आत आला. बसला. एक पूर्ण वळसा फिरवली. मग नळी माझ्या हातात दिली.

रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. मी नळी फिरवली, रेघ जागची हलली नाही. पुन्हा फिरवली. हातोडीचा एक घाव नाही, ऐरण नाही, विस्तव नाही. एक म्हातारा, एक झाड आणि दाराची चौकट. मी आजवर किती तरी सरदार पाहिले, हत्तीवर बसलेले. असा माणूस पाहिला नाही.

सखारामनेही पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग म्हणाला, "सरळ हाय." आणि उस्तादाच्या पायांवर डोकं ठेवलं. उस्ताद म्हणाला, "ऊठ, पेच बसव. कप्तान माझ्यासाठी थांबणार नाही."

आम्ही माळावर पोचलो तेव्हा तुकडी उभी होती. फळी साठ पावलांवर. कप्तान सखारामच्या उजव्या हाताला येऊन उभा राहिला, त्याच्या डोळ्यांकडे बघत.

"भर."

सखारामने काडतूस दाताने फोडलं, दारू भरली, गोळी गजाने ठासली.

"प्रेझंट," कप्तान म्हणाला, आणि सखारामने बंदूक खांद्याला लावून नेम धरला. "फैर."

धूर निघून गेल्यावर चुन्याच्या पट्ट्याच्या वीतभर उजवीकडे फळीला भोक होतं. दुसरा बार पट्ट्यावर. तिसरा पट्ट्यावर. कप्तानाने बंदूक मागून घेतली, उलटसुलट पाहिली, परत दिली. नळीवर चुन्याचा एक ठिपका राहिला होता, तो त्याने अंगठ्याने पुसला. काय समजला आणि काय नाही, देव जाणे. म्हणाला, "डोळे उघडे. आजपासून पहिली रांग. उजवीकडून पहिला." तुकडीत सगळ्यांत मानाची जागा ती. मला त्याने काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. संध्याकाळी सखारामने माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि पाया पडला. माझ्या बायकोने त्याची दृष्ट काढली.

दसऱ्याला पंधरवडा उलटला आणि दिवाळी तोंडावर आली असताना खडकीच्या माळावर इंग्रजांशी लढाई झाली. ती तुम्हाला ठाऊक आहे, तिच्याविषयी पेठेतले लोक माझ्यापेक्षा जास्त बोलतात. मी फक्त माझ्या रांगेचं सांगतो. तिसऱ्या प्रहरी आमची पलटण पुढे निघाली. पहिल्या रांगेत उजवीकडून पहिला सखाराम, त्याच्या पाठीशी दुसऱ्या रांगेत मी. घोडदळ डावीकडून येणार होतं, ते चिखलात अडकलं. समोर गोऱ्यांची रांग थांबली आणि त्यांच्या बंदुका आडव्या झाल्या.

सखारामने दोन बार काढले. दोन्ही मी पाहिले. समोरच्या रांगेत ज्याच्यावर नेम धरला तो माणूस दोन्ही वेळा खाली गेला. तिसरं काडतूस दाताने फोडताना तो म्हणाला, "दाजी, डावीकडं बघा. घोडी माघारी फिरतायत." मी डावीकडे पाहिलं. परत समोर पाहिलं तेव्हा तो गुडघ्यांवर होता. गोळी छातीत लागली होती. मी त्याची बंदूक घेतली, कारण रांगेत तसाच नियम आहे, आणि त्याच्या जागी उभा राहिलो. माघारीचं शिंग वाजेपर्यंत त्याच्याकडे बघायला मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन घटकांची रजा घेऊन घरी गेलो. बायकोला आधीच कळलं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं बोललो. हंडा मी टांगायला लावला. अष्टमीला कप्तानाने विचारलं आणि मी गप्प बसलो. तो बिचारा शेवटपर्यंत समजत होता की देवीच्या हंड्याने नळी वाकत नाही.

"तो तसं समजत नव्हता," ती म्हणाली.

"म्हणजे?" मी विचारलं.

"अष्टमीला संध्याकाळी तो इथे आला होता. म्हणाला, आक्का, डोंगरावर आपटली तवाच हाताला कळलं नळी वाकली. कप्तानाला खरं सांगितलं तर दाजींची नाइकी जाती. तुझी तीन पोरं हायेत. मी एकटा हाय, वाघोलीला जाऊन नांगर धरीन. लोक भित्रा म्हणतील, म्हणू द्यात. मग त्याने मला शपथ घातली, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

"मग नवमीला तू मला..."

"शपथ न सांगायची होती. तुम्हाला ताटावरून न उठवायची नव्हती."

मला बसवेना. मी बाहेर ओट्यावर आलो आणि तिथे रडलो, रस्त्यावरून माणसं जात होती तरी. कप्तानासमोर "बंदूक चांगली हाय" म्हणाला तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. माझ्याशी बोलला तेव्हाही. माझं ओझं हलकं व्हावं म्हणून तो भोळा झाला होता, आणि मी त्याला भोळा समजलो होतो.

त्या दिवशी माझ्या हाताखालचे तिघे पडले. भिकू कोंढव्याचा. रामजी, कात्रजच्या घाटाखालचा. आणि सखाराम वाघोलीचा, पहिली रांग, उजवीकडून पहिला. अष्टमीला आमच्या तुकडीत भ्यालेला माणूस एकच होता, आणि तो नाईक होता.